गीतकार : पारंपरिक

माझी सून मुक्ता मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत संगीत शिकवते. गेल्या महिन्यात ती समूहगान स्पर्धेचा अर्ज भरत बसली होती. मी अझैब्याच्या आमच्या घरातल्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत होतो. आतून तिने विचारलं, "बाबा, 'सोनो ईओ'चा गीतकार कोण हो?"

"पारंपरिक," मी म्हणालो. गेली पंधरा वर्षं हा शब्द माझ्या तोंडून शिंकेसारखा आपोआप बाहेर पडतो.

मुक्ता म्हणाली, "पण बाबा, इटलीच्या पारंपरिक गाण्यात हर्णै कसं काय?"

तुळशीतलं पाणी कुंडीबाहेर वाहून माझ्या पायावर आलं, तेव्हा मी तांब्या सरळ केला.

हे गाणं मस्कतमधल्या मराठी माणसाला सांगायला नको. शाळांच्या स्नेहसंमेलनांत ते होतं, कोजागिरीला होतं, मल्याळी शेजाऱ्यांच्या ओणमलासुद्धा मी ते ऐकलं आहे. जिथे स्पर्धेत उतरलं तिथे बक्षीस घेऊन आलं. निवेदक दर वेळी सांगतो, "आता ऐकू या एक पारंपरिक इटालियन लोकगीत." ते पारंपरिक नाही. लोकगीतही नाही. ते एका माणसाने मस्कतच्या रुवी भागातल्या एका खानावळीत, रश्शाचं पातेलं ढवळताना, स्वतःच्या आयुष्यावर रचलेलं गाणं आहे. त्या माणसाचं नाव उस्मान इब्राहिम होडेकर, राहणार हर्णै, तालुका दापोली. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ते लपवणारा माणूस मीच आहे.

उस्मानभाईंची खानावळ रुवीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. माझं कुटुंब मुलाच्या शिक्षणासाठी पुण्यात होतं, मी एका बांधकाम सल्लागाराकडे ड्राफ्ट्समन होतो आणि दोन्ही वेळा तिथेच जेवत होतो. उस्मानभाई बुटके, गोल; पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी. चेहरा असा, की रागावला तरी समोरच्याला वाटावं, काहीतरी गंमत सांगणार आहे. बांगड्याचं कालवण असं करायचे की जेवणारा माणूस बोलायचा थांबे. पण त्यांच्या खिडकीतून आत वाकून बघितलं तर ऐकू काय यायचं? "पियानो, पियानो!" हे मदतनिसाला. म्हणजे हळू हळू. भाकऱ्या मोजायच्या त्या इटालियनमध्ये. हात भाजला तर शिवीही इटालियनमध्ये, आणि ती इतकी लांबलचक आणि सुरेल की शिवी संपेपर्यंत हात बरा होत असावा.

त्याचं कारण असं. खानावळ काढण्याआधी उस्मानभाई निझवा शहराच्या पुढे डोंगरात एका इटालियन कंपनीच्या कॅम्पवर बारा वर्षं स्वयंपाकी होते. ही नोकरी त्यांना मिळाली ती निव्वळ खोटं बोलून.

"मना चाय सोडून काय येत नव्हता," ते सांगायचे. "एजंटनं विचारला, कुक हाय? मी बोल्लो, हाय. तो बोल्ला, इटालियन खाना? मी बोल्लो, तोच तर माझा खास हाय!"

कॅम्पवर पहिल्याच दिवशी बारा इटालियन जेवायला बसले आणि यांच्या हातात स्पागेतीची पाकिटं आली. उस्मानभाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. आत लांब, पिवळट, कडक शेवया. त्यांच्या जिवात जीव आला. शेवयांचं काय करतात हे कोकणातल्या मुसलमानाला शिकवावं लागत नाही. त्यांनी मोठ्या पातेल्यात दूध आटवलं, साखर घातली, बरोबर आणलेले बेदाणे, खजूर आणि वेलची घातली, स्पागेतीचे तुकडे करून त्यात सोडले, आणि बारा जणांसमोर शीरखुर्म्याचे बारा वाडगे नेऊन ठेवले.

"मग?" हा प्रश्न मी त्यांना निदान पन्नास वेळा विचारला असेल, केवळ पुढचं परत ऐकायला मिळावं म्हणून.

"मग काय. सगले गप. एक पोरगा रडायलाच लागला, खरंच! मी मनात बोल्लो, उस्मान, खलास. उद्याची गाडी. तेवड्यात म्हातारा फोरमन होता ना, त्यानं चमचा घेतला. एक खाल्ला. दुसरा खाल्ला. वाडगा संपवला, शेजारच्याचा ओढला, तोपन संपवला. मग उठून मना मिठी मारली नि बोल्ला..." इथे उस्मानभाई इटालियनमध्ये एक वाक्य म्हणायचे आणि लगेच मराठीत सांगायचे, "'हा जेवन नाय, पन तुला पाठवायचा नाय!'"

त्या फोरमनने त्यांना इटालियन स्वयंपाक शिकवला, भाषा शिकवली आणि संध्याकाळी ॲकॉर्डियन वाजवून गाणी शिकवली. बारा वर्षांनी कंपनी गेली. भाषा उस्मानभाईंकडे राहिली, आणि बोलायला समोर कोणी नाही. मग ती गाण्यात शिरली.

गाणं एका बैठकीत झालेलं नव्हतं. आमटी मुरावी तसं ते वर्षानुवर्षं वाढत होतं. पहिल्या कडव्यात त्यांचा जन्म. त्या दिवशी हर्णैच्या बंदरात सुरमईने भरलेल्या होड्या लागल्या होत्या, त्यामुळे आख्खा मोहल्ला बंदरावर आणि घरात आई एकटी. "मी आलो तवा मना बघायला कोन नव्हता, सगले सुरमई बघत व्हते." दुसऱ्या कडव्यात एजंट आणि शीरखुर्मा. तिसऱ्यात निकाह : पंधरा दिवसांची रजा, त्यातले नऊ दिवस नवरीला ताप, आणि नवऱ्याने तिला पेज करून घातली तेव्हा ती म्हणाली, "मीठ जास्त आहे." प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद : सोनो ईओ, सोनो ईओ. त्याचा अर्थ 'तो मीच, तो मीच'.

चाल अशी होती की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा. आणि हे सगळं ते गायचे ते उजवा हात गोल फिरवत. गाणं ढवळतानाच रचलेलं असल्यामुळे त्याची लय त्या हातात होती. हात थांबला की शब्द थांबत.

"इटालियनमध्येच का?" मी एकदा विचारलं. "मराठीत का नाही रचलंत?"

ते पातेल्यात बघत म्हणाले, "मराठीत सांगायला गेलो तर मना रडू येतंय. उर्दूत सांगितला तर खोटा वाटतंय. अरबीत मना फक्त हुकूम येतात, यल्ला नि खलास. इटालियनमधी कसा, आपलीच गोष्ट, पन शेजाऱ्याची वाटते. मग हसायला येतंय."

मी स्वतः गीतकार होतो. म्हणजे मी स्वतःला तसं समजत होतो. मस्कतच्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक गायन स्पर्धेत 'स्वरचित गीत' हा एक विभाग असे आणि सहा वर्षं मी त्यात दुसरा येत होतो. माझ्या त्या वर्षीच्या गाण्यात 'मरुभूमी' हा शब्द नऊ वेळा आणि 'मृगजळ' सात वेळा होता. उस्मानभाईंना मी ते चालीवर म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून, मान डोलवत शेवटपर्यंत ऐकलं.

"गाना चांगला हाय," ते म्हणाले. "पन सबनीस, त्यात मानूस कुठं हाय?"

"कवीच आहे ना त्यात."

"दिसला नाय. ऊन लय हाय ना, म्हनून."

मी तीन दिवस दुसऱ्या खानावळीत जेवलो. चौथ्या दिवशी परत आलो, कारण तिकडे मसाल्यात त्रिफळं नव्हती.

त्याच वर्षी मंडळाने एक नवा विभाग काढला : 'अन्य भाषांतील गीते'. शेजारपाजारचे मल्याळी, तमिळ, गुजराती यावेत हा हेतू. मी चिटणीस होतो. छोट्या मंडळात चिटणीस, स्पर्धक आणि खुर्च्या लावणारा माणूस एकच असतो. एका शुक्रवारी नमाज आटोपून उस्मानभाई माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "माझा फॉर्म भरा. मी गानार."

त्यांचं शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. देवनागरी त्यांना वाचता येत नसे, आणि अर्जासोबत गाण्याचे शब्द देवनागरीत जोडायचे होते. माझं अक्षर ड्राफ्ट्समनचं. ते बोलत गेले, मी लिहीत गेलो. सोनो नातो आ हर्णै... प्रत्येक ओळीचा अर्थ ते सांगत, मी हसायचो आणि परत लिहायचो. अशी दुपार माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा आली आहे. दोन कागद भरले. मग मी अर्ज पुढे ओढला. नाव, गाव, वय. आणि त्याखाली रकाना : गीतकार.

पेन तिथे थांबलं.

'उस्मान होडेकर' असं लिहिलं असतं तर अर्ज नियमाप्रमाणे 'स्वरचित' विभागात गेला असता. तिथे माझं मरुभूमीचं गाणं होतं. कोण पहिलं आलं असतं याबद्दल मला एक क्षणही शंका नव्हती. दोन कागद हसत हसत मीच लिहिले होते.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गायन स्पर्धेच्या अर्जात हा रकाना भरण्याचा एक सोपा मार्ग असतो. कवी आठवत नसेल, शोधायचा कंटाळा असेल, तर तिथे एक शब्द लिहितात. ओव्यांपुढे लिहितात, भारुडांपुढे लिहितात. मी सुंदर अक्षरात लिहिलं : पारंपरिक.

"काय लिवला?" त्यांनी विचारलं.

"पारंपरिक."

"म्हंजे?"

"म्हणजे... मुरलेलं. जुनं."

"लोनच्यासारखा?"

"तसंच."

"मग बराबर," असं म्हणून ते समाधानाने उठले आणि मला त्यांनी तळलेली तुकडी जास्तीची वाढली. ती मी खाल्ली.

स्पर्धेआधी तालमीला हार्मोनियमवाल्याने त्यांना हात स्थिर ठेवायला सांगितलं. हात थांबला, गाणं गेलं. तीनदा तसं झालं. शेवटी तबलजी वैतागून म्हणाला, "अहो, त्यांना ढवळायला काहीतरी द्या!" म्हणून स्पर्धेच्या संध्याकाळी रंगमंचावर एक स्टूल, स्टुलावर रिकामं पातेलं आणि उस्मानभाईंच्या हातात त्यांचा लाकडी डाव. तबल्यावर केरवा, पेटीवर काळी दोन. आणि इटालियन.

दुसऱ्या ध्रुवपदाला सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. तिसऱ्याला 'सोनो ईओ' म्हणत होतं. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठ परीक्षक बाई डोळे पुसत होत्या. निकाल सांगताना त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यातली विरहाची आर्तता काळजाला भिडली. आणि पातेल्याची योजना! लोकनाट्याचा केवढा सुंदर अंश! शेवटी मातीचं गाणं ते मातीचं गाणं."

दुसऱ्या कडव्यात दूध उतू जातं.

'अन्य भाषा' विभागात उस्मानभाई पहिले आले. 'स्वरचित' विभागात मी पहिला आलो. मला पितळी वीणा मिळाली. फोटोत आम्ही दोघं शेजारी उभे आहोत. त्यांच्या एका हातात ढाल आहे, दुसऱ्यात डाव, आणि माझ्या हातात वीणा आहे. मी डाव्या बाजूला बघतो आहे.

तिथून जे सुरू झालं ते आवरेना. सगळ्या भारतीय मंडळांची मिळून एक स्पर्धा होती, त्यात प्रत्येक राज्याने आपलं एक गाणं पाठवायचं. आमच्या अध्यक्षांनी महाराष्ट्रातर्फे उस्मानभाईंना पाठवलं. केरळवाल्यांनी हरकत घेतली : इटालियन गाणं महाराष्ट्राचं कसं?

"गायक रत्नागिरी जिल्ह्यातला आहे," अध्यक्ष म्हणाले.

"आणि गाणं?"

"गाणं पारंपरिक आहे. परंपरा सगळ्यांची असते!"

या उत्तरावर आमच्या बाजूने टाळ्या पडल्या आणि महाराष्ट्र पहिला आला. लावणी, पोवाडा आणि कोळीगीतं घेऊन आम्ही त्या स्पर्धेत कधी तिसरेही आलो नव्हतो. परतताना बसमध्ये उस्मानभाईंना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न झाला. बसच्या छतामुळे तो फसला आणि त्यांच्या टोपीची जाळी दिव्यात अडकली. "बास्ता! बास्ता!" म्हणजे पुरे, पुरे, असं ते ओरडत होते आणि सगळ्यांना वाटलं की ही पुढच्या गाण्याची सुरुवात आहे. सगळे कोरसमध्ये "बास्ता, बास्ता" म्हणू लागले.

मग एका हॉटेलात मोठी स्पर्धा झाली, सगळ्या देशांच्या लोकांसाठी खुली. तिथे खऱ्या अर्थाने माझी परीक्षा झाली. पाहुण्या म्हणून एक इटालियन दंतवैद्य बाई आल्या होत्या. उस्मानभाई पातेलं ढवळू लागले, आणि पहिल्या कडव्याच्या मध्यावर बाईंनी तोंडावर हात घेतला. शीरखुर्म्याला त्या इतक्या हसल्या की शेजारच्या माणसाने त्यांना पाणी दिलं. 'मीठ जास्त आहे' ला त्या रडल्या. सगळ्या सभागृहात पहिल्यांदाच कोणीतरी योग्य जागी हसत होतं आणि योग्य जागी रडत होतं.

गाणं संपताच त्या मंचावर धावत गेल्या. उस्मानभाईंशी त्यांच्या भाषेत भराभर बोलल्या. उस्मानभाई मान हलवत, छातीवर हात ठेवत काहीतरी सांगत होते. बाईंनी माइक घेतला, उस्मानभाईंच्या छातीकडे बोट केलं आणि सभागृहाला उद्देशून इटालियनमध्ये चार वाक्यं बोलल्या. इंग्रजी त्या क्षणी त्यांना सुचलंच नाही.

कोणालाच काही कळलं नाही. मग आमचे अध्यक्ष ओरडले, "सबनीस! सबनीसांना येतं इटालियन! त्यांनीच शब्द लिहून दिलेत!"

मला इटालियन येत नाही. पण मला ढकलत मंचावर नेलं गेलं, हातात माइक आला. बाई काय म्हणाल्या होत्या हे कळायला भाषा लागत नव्हती. त्यांचं बोट अजून उस्मानभाईंच्या छातीवर होतं. बोटाचं भाषांतर लहान मूलही करील.

मी हिंदीत म्हणालो, "बाई म्हणतात की... हे त्यांच्या आजीच्या गावचं गाणं आहे. लहानपणी ऐकलेलं."

सभागृह उठून उभं राहिलं. मराठी, मल्याळी, सगळे. बाईंना वाटलं आपल्या बोलण्यालाच टाळ्या आहेत. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. आणि उस्मानभाई? हिंदी तर त्यांना कळत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी तिथेच खरं बोललो असतो, असं मी पंधरा वर्षं स्वतःला सांगतो आहे. ते तसे बघत नव्हते. खानावळीतला पोरगा भात जास्त शिजवतो तेव्हा ते जसे बघत, तसे बघत होते. मग त्यांनी डाव उचलला, माझ्या हातातल्या माइकजवळ तोंड आणलं, "सोनो ईओ!" म्हणाले आणि सगळं सभागृह पुन्हा गायला लागलं.

गाडीत आम्ही दोघंच होतो. तोवर ते डोंगरापलीकडच्या अल अमेरातला राहायला गेले होते. डोंगरातल्या चढाच्या रस्त्यावर बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. माथ्यावर आल्यावर म्हणाले, "सबनीस, तिची आजी हर्णैला कवा आली व्हती?"

माझा गिअर चुकला. "उस्मानभाई, आता नाव बदललं तर आधीची सगळी बक्षिसं परत घेतील हो. नियम आहे. तुमचंच नुकसान."

"माझा?"

"हो ना. चुकीची माहिती दिली म्हणून."

"असा हाय काय," ते म्हणाले. मग खाली घाटातले दिवे दिसू लागले तशी त्यांची मान मागे गेली आणि ते हसायला लागले. पोट धरून, सीट हलवत. "आजीच्या गावचा! सबनीस, तुमचा गाना स्वरचितमधी आला तो बराबरच हाय. खोटा रचायला तुमच्यासारखा कोन नाय!"

मीही हसलो. दुसरं काय करणार होतो? त्या दिवसानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. ईदला ते माझ्याकडे शीरखुर्मा आणत, तो स्पागेतीचाच. घरात आले की आधी शोकेसकडे जात, पितळी वीणेवरची धूळ आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसत आणि मग बसत. दर ईदला. एवढंच.

पुढे वय झालं, व्हिसा संपला, ते कायमचे हर्णैला निघाले. त्यानंतर दोन वर्षांनी ते वारले. बातमी मला दापोलीच्या एका गाडीवाल्याकडून कळली. त्या संध्याकाळी मंडळात शोकसभा झाली, मी बोललो, छान बोललो. 'एक थोर गायक' म्हणालो. गायक!

आता पुन्हा त्या सकाळकडे येतो. मुक्ताचा प्रश्न हवेत होता आणि माझ्या पायावर तुळशीचं पाणी.

"गायक आपल्या गावाचं नाव घालतो," मी म्हणालो. "तिकडे पद्धत आहे तशी."

"असं होय?" म्हणत तिने फोन उचलला. आजकाल फोनसमोर बोललं की तो भाषांतर करून देतो, हे मला ऐकून माहीत होतं. पण तो माझ्यावरच उलटेल असं वाटलं नव्हतं. मुक्ताने माझ्याच हस्ताक्षरातले जुने कागद समोर ठेवले आणि एकेक ओळ फोनला म्हणून दाखवू लागली. देवनागरीतलं इटालियन, त्यात पुण्याचे उच्चार, तरी फोनला बहुतेक कळलं. सुरमई आली. शेवया आल्या. मुक्ता हसता हसता खुर्चीत वाकली. "बाबा, हे लोकगीत आहे? हे तर कोणाचं तरी आत्मचरित्र आहे!"

मग ती शेवटच्या कडव्यावर आली.

त्या कडव्याचा अर्थ मलाही माहीत नव्हता. उस्मानभाईंनी ते मला विमानतळावर सांगितलं होतं, सामान देऊन झाल्यावर. "शेवटचा कडवा राहिला. लिवून घ्या. तुमचा अक्षर चांगला हाय." माझ्या खिशात पेन नव्हतं, त्यांनी आपलं दिलं. मी एका खांबाला टेकून लिहीत गेलो. त्यात एक अवघड शब्द होता, इंक्योस्त्रो. त्यातलं जोडाक्षर मी फार सुरेख काढलं, ते अजून आठवतं. "याचा अर्थ?" मी विचारलं. "मागनं कळेल. इमान चुकेल माझा," ते म्हणाले. मी ते कडवं गाण्याला जोडून दिलं आणि तेव्हापासून मस्कतभर तेही गायलं जातं. त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या पडतात.

मुक्ताने फोन माझ्यापुढे धरला. चष्मा पुसून मी वाचलं.

'मस्कतमध्ये माझा एक मित्र आहे. त्याचं अक्षर मोत्यासारखं. सगळं लिहिलं त्याने, माझी आई, माझी सुरमई, माझं मीठ. माझ्या नावापाशी आला आणि त्याची शाई संपली. हरकत नाही, मी घाईत नाही. शाई मिळाली की तो लिहील. सोनो ईओ, सोनो ईओ.' इंक्योस्त्रो म्हणजे शाई.

"बाबा," मुक्ता हळूच म्हणाली, "हा मित्र कोण?"

मी तिला सांगितलं. सगळं, अर्जापासून आजीच्या गावापर्यंत. ती आधी गंभीर झाली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग तिला राहवेना. "सॉरी बाबा, सॉरी... पण म्हणजे माझी चाळीस मुलं तीन वर्षं कागदाची पातेली ढवळत तुमच्यावर गातायत? आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवता?"

"उभं राहून," मी म्हणालो. "गेल्या वर्षी मी उभा राहिलो होतो."

यावर ती जमिनीवरच बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मी, बहात्तर वर्षांचा माणूस, माझ्या गुन्ह्याच्या कागदांपाशी उभा राहून तिच्याबरोबर हसलो. मग माझं हसणं थांबलं. तिने अर्ज माझ्याकडे सरकवला.

मी लिहिलं : गीत व संगीत, उस्मान इब्राहिम होडेकर, हर्णै. अक्षर काही मोत्यासारखं आलं नाही. मंडळालाही पत्र दिलं आहे, वीणा परत केली आहे. तिची एक तार तुटली आहे, ती आधीपासूनच. बक्षिसं काढून घ्यायची असतील तर माझी घ्यावीत, त्यांची नव्हे, असं पत्रात लिहिलं आहे. आणि ज्यांनी ज्यांनी हे गाणं पारंपरिक म्हणून गायलं, त्यांच्यासाठी हा लेख.

विमानतळावरचं शेवटचं तेवढं सांगायचं राहिलं. दोरीने बांधलेली खोकी आधीच आत गेली होती. जाळीच्या टोपीत, एका हातात पासपोर्ट आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाकडी डाव घेऊन उस्मानभाई रांगेत सरकत गेले. पुढच्या माणसाला "पियानो, पियानो" म्हणाले. ते पलीकडे पोचले तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांचं पेन माझ्याच हातात राहिलं आहे. मी ते उंच धरून ओरडलो, "उस्मानभाई! पेन! पेन राहिलं!"

ते वळले. ठेवा, ठेवा, असा हात त्यांनी हलवला. मग तोच हात, जो आयुष्यभर गोल फिरला, त्यांनी वर केला आणि बोटाने हवेत एक आडवी ओळ लिहून दाखवली.

मला वाटलं, पत्र लिहा म्हणताहेत. मी दोन्ही हात तोंडाशी नेऊन इकडून ओरडलो, "लिहितो! लिहितो!"